शिळ्या विजेची सुनावणी

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते. पेन टेबलाखाली पडलं होतं, तेव्हा नमस्कारही त्याच खेपेत उरकून घेतला.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा कान? मागच्या वेळी तुम्ही लिहिलं होतं की गुडघा हल्ली फक्त जिना चढताना कुरकुरतो, आणि तुमची कुरकुर मामींना ऐकू येत नाही म्हणून घरात शांतता आहे. ती शांतता अशीच टिको. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आई तुमची रोज आठवण काढते, म्हणजे बाबा काही बोलले की "हे माझ्या भावाला कळायला हवं" असं भिंतीकडे बघून म्हणते. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. माझं तुमच्याकडे काहीही काम नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचाल. फोनच केला असता, पण दुकानात बाबा असतात, घरात आई असते आणि गच्चीवर जावं तर तिथे पुन्हा बाबा असतात.

ते गच्चीवर का असतात, तीच तर हकीकत आहे. आपल्या बेकरीच्या गच्चीवर बाबांनी सौर पॅनेल बसवून घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचं त्या पॅनेलवर किती प्रेम आहे हे मात्र पत्रातून कळायचं नाही. रोज सकाळी ते मऊ फडकं घेऊन वर जातात आणि एकेक पॅनेल असं पुसतात, की मला लहानपणी शाळेत जाताना कुणी इतकं पुसलं असतं तर मी आज वेगळी निघाले असते. एखादं कबूतर कडेला येऊन बसलं की खाली गिऱ्हाइकाला अर्धा पाव देऊन बाबा उरलेला अर्धा हातात घेऊन वर धावतात. (कबुतराला मारायला नव्हे, लांबच्या गच्चीवर बोलवायला. त्यामुळे आता कबुतरं जास्त येतात.) आणि बोलताना "वीज" असं नुसतं कधी म्हणत नाहीत. "माझी वीज" म्हणतात.

आता यातली अडचण अशी, की आपली भट्टी पेटते पहाटे. (पेटते म्हणायची सवय राहिली आहे. आता ती विजेची आहे, बटणावर चालते.) त्या वेळी सूर्याचा पत्ता नसतो. दुपारी तो भरभरून वीज देतो, तेव्हा भट्टी थंडगार पडलेली असते आणि बाबा पिठाच्या पोत्यावर डुलक्या काढत असतात. म्हणून वीज कंपनीशी साधा व्यवहार ठरलेला होता. दुपारी गच्चीवर तयार होणारी वीज कंपनीच्या तारांमध्ये सोडायची आणि पहाटे तेवढीच कंपनीकडून परत घ्यायची. मीटर येणारी आणि जाणारी दोन्ही मोजतो. बाबांच्या मते जगात याहून न्यायाची गोष्ट झालेली नाही.

मग राज्याचं स्वच्छ ऊर्जेचं नवं धोरण आलं. पहिल्या पानावर सूर्याचं इतकं कौतुक होतं, की बाबांनी ते दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं आणि रांगेतल्या लोकांना उगाच दाद द्यावी लागली. आतली पानं मी वाचली. धोरणाबरोबर वीज नियामक आयोगाने (म्हणजे कंपनीने लोकांशी कसं वागायचं आणि काय दर लावायचा हे ठरवणारी मंडळी) नव्या नियमांचा मसुदाही काढला होता. दुपारी जेवढी वीज द्याल, त्याच्या निम्मीच पहाटे परत मिळेल, असं त्यात लिहिलं होतं. मी ते बाबांना हळूच सांगितलं. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि त्याच चमच्याने साखरेऐवजी चहात मीठ घातलं. तो चहा ते पूर्ण प्यायले. त्यावरून काय ते समजा.

छतावर पॅनेल असलेल्यांची समजूत काढायला कंपनीने एक अधिकारी पाठवला. तो आपल्याकडे आला नेमका पाव भट्टीतून निघायच्या वेळी. बारीक अंगाचा, बाह्या व्यवस्थित दुमडलेल्या, काखेत निळी फाइल. आत पाऊल टाकताच वाफेने त्याच्या चष्म्यावर धुकं चढलं आणि त्याने पहिला नमस्कार पिठाच्या यंत्राला केला. मग चष्मा काढून पुसला. (चष्म्याशिवाय तो बराच बरा दिसतो. पण ते असो.) बाबांनी त्याला तिथेच, परातीशेजारी उभं करून जाब विचारला. त्याने फाइल उघडली, एक आलेख दाखवला, बाबांनी तो उलटा धरून पाहिला. तेव्हा त्या माणसाने फाइल मिटली आणि मामा, त्याला जे सुचलं ते कुठल्याही बेकरीत उभं राहून सुचू नये.

"काका, संध्याकाळी उरलेले पाव तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याच भावाने विकता का?" त्याने विचारलं.

"मुळीच नाही. अर्ध्या भावात देतो," बाबा ताठ होऊन म्हणाले.

"विजेचंही तसंच आहे. दुपारी सगळ्याच गच्च्या वीज देतात, तेव्हा ती उरते. पहाटे कुणाकडेच नसते. तुम्ही आम्हाला उरलेली देता आणि ताजी मागता."

बाबांनी दोन्ही हातांचं पीठ झटकलं. "माझ्या विजेला तू शिळी म्हणालास?" एवढंच ते बोलले, पण असं बोलले की रांगेतल्या एका बाईने कुणी न सांगता हातातला चहाचा कप खाली ठेवून दाराची वाट मोकळी केली. तो अधिकारी त्या मोकळ्या वाटेने बाहेर गेला. त्या दिवसापासून बाबांनी त्याचं नाव "ढगोबा" ठेवलं, कारण तो सूर्य आणि आपली गच्ची यांच्या मधे आला. आता त्याचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणी वापरत नाही. मीसुद्धा चारचौघांत नाही वापरत.

आयोगाने मसुद्यावर जनसुनावणी ठेवली होती. कुणीही यावं, हरकत सांगावी. बाबांनी भाषणाची तयारी सुरू केली. पहाटे पीठ मळताना ते पिठाला "माननीय आयोग" म्हणायचे आणि मुद्दा रंगला की आयोगाला दणादण आपटायचे. त्या दिवसांत पाव फार हलके झाले, असं गिऱ्हाइकं सांगतात. लेखी हरकत तयार करायचं काम माझ्याकडे आलं. तिची एक प्रत आयोगाला आणि एक कंपनीला द्यायची असते. कंपनीच्या कार्यालयात ती घ्यायला कोण बसलेलं असावं? ढगोबा. त्याने आमची हरकत शांतपणे वाचली आणि म्हणाला, "हा मुद्दा टिकणार नाही. कंपनी लबाड आहे असं लिहिलंय, त्याला पुरावा लागेल. त्याऐवजी असं लिहा, की ज्यांनी जुन्या नियमांवर विश्वास ठेवून पॅनेल बसवली, त्यांच्यासाठी नियम मधेच बदलू नयेत. याला आमच्याकडे चांगलं उत्तर नाही."

मी विचारलं, मग हे मला का सांगता? तर म्हणाला, चांगलं उत्तर नसलेला प्रश्न कुणीतरी विचारला, तरच आम्ही ते शोधायला लागू. मला त्याचा फार राग आला. शत्रूने कसं शत्रूसारखं वागावं. मी हरकत दुरुस्त करून पुन्हा गेले. मग एक सही राहिली म्हणून गेले. मग समास कमी पडला म्हणून गेले. (समासाबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं, पण आपलं काम आपण चोख करावं.) एका खेपेला त्याने मला समजावलं, की ज्यांच्याकडे गच्चीच नाही त्यांच्यावर शेवटी या सगळ्याचा बोजा कसा पडतो. पहाटेची वीज कंपनीला महाग पडते, आणि ती किंमत सगळ्यांच्या बिलात वाटली जाते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्यासुद्धा. मी कडाडून वाद घातला. त्यानेही घातला. कार्यालय बंद करायला आलेला शिपाई किल्ल्या वाजवत उभा होता, तो शेवटी खुर्ची घेऊन ऐकायला बसला. घरी येताना मला वाटलं, त्याचं सगळंच काही चूक नाही. हे मी बाबांना सांगितलं नाही, कारण तेव्हा त्यांच्या हातात लाटणं होतं.

सुनावणीच्या दिवशी बाबांनी गल्लीतल्या मंडळींना टाळ्या वाजवायला सोबत घेतलं. त्यात आपले शेजारी शिंपीकाका सगळ्यांत पुढे होते. बाबांचे जुने मित्र, शेजारचा गाळा भाड्याने घेऊन दिवसभर मशीन आणि इस्त्री चालवतात. बाबांच्या सदऱ्याला त्यांनी स्वतः खळ लावली होती. ठरलं असं, की बाबांनी कॉलरला हात लावला की टाळ्या. पण खळ इतकी कडक झाली, की बाबांची मान पहिल्यापासून खाजत होती. त्यांच्या आधी एका मोठ्या कारखान्याचे वकील बोलत होते, ते छतवाल्यांच्या सवलती ताबडतोब काढून घ्या म्हणत होते, आणि त्यांच्या दर वाक्याला आपली गल्ली कडाडून टाळ्या वाजवत होती. वकील भारावून गेले. बाबा मागे वळून डोळे वटारायचे, पुन्हा मान खाजवायचे, की पुन्हा टाळ्या.

सभागृह तुम्ही पाहायला हवं होतं. एसी असा, की लोक फाइली अंगावर पांघरून बसले होते. मंचावर तिघं. मधे अध्यक्षबाई, शांत, बारीक आवाजाच्या, पण त्या बोलल्या की माइकसुद्धा शिट्टी मारायचा थांबे. एका बाजूला एक इंजिनियर सदस्य, दुसऱ्या बाजूला हिशेबाचे सदस्य, जे बहुतेक न्याहारी न करताच आले होते. (तुम्हाला वाटत असेल आता वीज गेली असेल. नाही गेली. एवढी वीज कंपनीची माणसं समोर बसल्यावर कोणती वीज जाईल?)

बाबांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी गेले आणि सगळं भाषण विसरले. पिठासमोर बोलायची सवय, पीठ काही डोळ्यांत डोळे घालून बघत नाही. मग त्यांनी बरोबर आणलेल्या ट्रेवरचं फडकं काढलं. एका बाजूला सकाळचे पाव, दुसऱ्या बाजूला आदल्या दिवशीचे, तेच, भट्टीत जरा गरम करून आणलेले. ट्रे थेट मंचावर ठेवून ते म्हणाले, "खाऊन बघा आणि सांगा, शिळा कुठला आणि ताजा कुठला."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आयोगाला कुणाकडूनही काही घेता येत नाही." पण तोवर हिशेबाच्या सदस्यांनी एक उचलून चावा घेतला होता. ते चावायचे थांबले. गिळावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. बाईंनी त्यांच्याकडे न बघताच बाजूच्या टंकलेखिकेला सांगितलं, "नोंद करा." मग त्या बाबांकडे वळल्या. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुमच्या दुकानातला शिळा पाव आणि ताजा पाव सारखाच?"

मामा, अर्धं सभागृह आपलं गिऱ्हाईक होतं. मागच्या रांगेत तर एक बाई अशी होती, जी रोज पाव दाबून बघून घेते. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे, मग ट्रेकडे. हो म्हणावं तर दुकान गेलं, नाही म्हणावं तर वीज गेली. त्यांचा चेहरा इतका केविलवाणा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, धावत जावं आणि त्यांना घरी घेऊन यावं. समोरच्या बाजूला ढगोबा खाली मान घालून बसला होता. त्याला जिंकल्याचा आनंद झाला असता तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं, पण त्याने चष्मा काढून हातात घेतला होता आणि तो बाबांकडे बघू शकत नव्हता.

"नाही बाई," बाबा म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "ताजा तो ताजा. ते मी खोटं बोलणार नाही."

ते ट्रे उचलायला लागले. आमच्या मंडळींना काय करावं कळेना, कारण कॉलरला हात लागला नव्हता. आणि तेवढ्यात शिंपीकाका उभे राहिले. त्यांना टाळ्यांसाठी आणलं होतं, बोलण्यासाठी नव्हे, पण ते माइकशिवायच बोलायला लागले. "माझं ऐका जरा. मला गच्ची नाही, भाड्याने राहतो. या माझ्या मित्राची वीज दुपारी उरते म्हणता, आणि माझी इस्त्री दुपारी तापते. आमच्या मधे एक भिंत आहे फक्त. तर ती ताजी असतानाच मला का देत नाही? शिळी होईपर्यंत थांबायचंच कशाला?"

बाबा ट्रे हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहिले. अध्यक्षबाईंनी ढगोबाला विचारलं, "असं करता येतं का?"

ढगोबा उठला. "तांत्रिक अडचण काहीच नाही. एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. पण नियमात बसत नाही."

"नियम कोण करतं?"

"आपणच, मॅडम."

सगळं सभागृह हसलं, बाईसुद्धा किंचित हसल्या आणि त्यांनी पेन उचललं. हिशेबाच्या सदस्यांनी त्या गडबडीत घास गिळून टाकला. मग ढगोबाने आणखी एक गोष्ट केली. कंपनीच्या बाजूने बसलेला असूनही त्याने सांगितलं, की ज्यांनी आधी पॅनेल बसवली आहेत त्यांचा हिशेब काही वर्षं जुन्याच पद्धतीने चालू द्यावा, या मागणीला कंपनीकडे पटेल असं उत्तर नाही. त्याचे साहेब त्याच्या कोटाची बाही ओढत होते. तो ओढू देत होता आणि बोलत होता.

काही महिन्यांनी आदेश आला. जुन्या छतवाल्यांचा हिशेब तूर्तास जुनाच राहणार. नव्यांना पहाटे थोडी कमी मिळेल, पण निम्म्यावर नाही. आणि एका ट्रान्सफॉर्मरवरचे शेजारी दुपारची वीज आपसांत वाटून घेऊ शकतील, गच्ची नसलेलेसुद्धा. बाबांच्या मते हा संपूर्ण विजय त्यांचा एकट्याचा आहे. आदेशात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, "एका आक्षेपकर्त्याने पाव सादर केले, ते त्यास परत करण्यात आले (अंशतः)." ती ओळ त्यांनी चौकटीत लावून गल्ल्यामागे टांगली आहे.

आता दुपारची वीज भिंतीपलीकडे जाते आणि शिंपीकाका तिच्यात रोज खोट काढतात. आज वीज जरा पातळ आहे, म्हणतात, सुरकुती जात नाही. बाबा गच्चीवर जाऊन पॅनेल पुन्हा पुसतात आणि वरून ओरडून विचारतात, "आता?" शिवाय दुपारच्या उन्हात भट्टी चालवून बघायची कल्पना बाबांना सुचली आहे. (ती कुणी सुचवली ते त्यांना सांगू नका.) संध्याकाळी कामावरून घरी जाणाऱ्या लोकांना गरम पाव मिळायला लागले आणि आता त्या वेळची रांग सकाळपेक्षा लांब असते. बाबांना दुपारच्या डुलकीची आठवण येते, पण ते कबूल करत नाहीत.

तर अशी सगळी खुशाली आहे. मामींना नमस्कार सांगा, जरा मोठ्याने. गुडघ्याला जपा, जिना कमी चढा. थोरामोठ्यांचे आशीर्वाद पाठीशी असू द्यावेत, म्हणजे पाठ पहाटे वेळेवर उठते.

तुमची लाडकी भाची

ता. क. मामा, एक बारीकसं काम आहे. तुम्ही पुढच्या आठवड्यात इकडे येऊ शकाल का? बाबा तुमचा शब्द मोडत नाहीत. (मोडतात, पण नंतर फोन करून तसं कळवतात, इतरांना तेवढंही कळवत नाहीत.) विषय असा आहे, की त्या ढगोबाने मला लग्नाचं विचारलं आहे आणि मी हो म्हटलं आहे. वर मी त्याच्याबद्दल जे जे वाईट लिहिलं ते त्याने वाचलं आहे. त्याला एवढंच म्हणायचं आहे, की वीज पातळ असू शकत नाही, ते वाक्य खोडावं. मी खोडलेलं नाही. आमचं भांडण चालू आहे आणि फार मजेत चालू आहे. पण हे बाबांना सांगणार कोण? ज्याने त्यांच्या विजेला शिळी म्हटलं, त्याला जावई म्हणून ते घरात घेतील का? तुम्ही आधी त्यांचं मन वळवा, मग मी सांगते. आईला यातलं काही माहीत नाही.

ता. क. पुन्हा एकदा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बाबा आले, कुणाला लिहितेस म्हणाले. मामांना, म्हटलं. तर ट्रेमधले पाव मोजत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला लिही, त्या ढगोबासाठी एखादी मुलगी बघ म्हणावं. पोरगा सरळ आहे, साहेब बाही ओढत असताना खरं बोलला. शहराच्या त्या टोकाहून रोज संध्याकाळी एका पावासाठी आपल्याकडे येतो, त्याच्या ऑफिसच्या खाली बेकरी असताना. मुलगी पहाटे उठणारी हवी आणि वाद घालणारी हवी, नाहीतर त्याचं जमायचं नाही. अशी कुणी पाहण्यात असेल तर कळव म्हणावं." एवढं बोलून ते गच्चीवर गेले. आत आई भांडी घासत होती, तिचा हसण्याचा आवाज इथपर्यंत आला.

तेव्हा मामा, मन वगैरे वळवायला नको. नुसते जेवायला या.